दांडगी आणि कात्रपची

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला धक्का बसायला नको. मी उल्हासनगरच्या कॅम्पात वाढले. आमच्या गल्लीत नळावर रोज भांडण व्हायचं आणि त्यात माझ्या आईचा दरारा होता. कबड्डी तिथल्याच मातीत शिकले आणि त्या कबड्डीच्या जोरावर अंबरनाथच्या एका मराठी शाळेत खेळाची बाई म्हणून लागले. माझा घोटा मोडून झालाय, खांदा निखळून झालाय. त्यामुळे मुलं मारामारी करताना दिसली की इतर बायांसारखी मी छातीवर हात ठेवत नाही. कोण कसं मारतंय ते आधी बघते.

मारण्याचे प्रकार असतात. मुलगे मारतात तेव्हा सगळ्या मैदानाला कळतं. सहावीतल्या मुली मारतात तेव्हा शेजारच्या बाकालाही पत्ता लागत नाही. बाकाखालून चिमटा काढायचा, तोही दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी मऊ असते आणि वर बाही येते. प्रार्थनेच्या रांगेत पुढचीच्या पाठीत कंपासचं टोक टोचायचं. वेणीतली एकच बट बोटाला गुंडाळून हिसका द्यायचा आणि लगेच दुसरीकडे बघायचं. हे सगळं ज्या मुलीवर चालायचं तिला मी इथे कात्रपची म्हणणार आहे. नाव सांगत नाही, तसा तिच्या आईला शब्द दिलाय.

ती बदलापूरच्या कात्रपहून रिक्षाने यायची. घराजवळच्या दोन शाळांनी सांभाळणं जमणार नाही म्हणून हात वर केले होते. तिला ऑटिझम आहे. सरकारी कागदावर त्याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द मला बिलकूल पटत नाही. स्वतःत मग्न असलेली माणसं मी स्टाफरूममध्ये रोज बघते. ही पोरगी तशी नव्हती. मधल्या सुट्टीत ती डबा उघडून मुलींच्या घोळक्यापासून हातभर अंतरावर उभी राहायची आणि घंटा होईपर्यंत उभीच राहायची. आत शिरायचं कसं ते तिला ठाऊक नव्हतं, पण शिरायचं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. कुणी सरकून जागा दिली नाही. एकदा एकीचा चुकून धक्का लागला तर ती कान दाबून किंचाळली आणि घोळक्याची करमणूक झाली. चिमटे तेव्हापासून सुरू झाले. कळ दाबली की वाजणारं खेळणं मिळालं होतं त्यांना.

पालकसभेला तिची आई आली ती सरळ माझ्याकडे आली. मुंबईत ऑफिसला जाणारी बाई, बोलणं मोजकं. म्हणाली, अभ्यासाचं आमचं आम्ही बघू. तिच्या दंडावरचे डाग मी आंघोळीच्या वेळी मोजत नाही, कारण मोजले तर मला शाळेत येऊन कुणाचा तरी गळा धरावासा वाटेल. मला फक्त एक सांगा, तिला एक मैत्रीण मिळेल का? एकच. मी म्हटलं, बघते. दुसरं काय म्हणणार?

मंगळवारी आमच्याकडे एक विशेष शिक्षिका येत असत. अशा मुलांच्या बाबतीत शाळांना मार्गदर्शन करणं हे त्यांचं काम. बाई हुशार होत्या, पण चार शाळांत फिरणार, आमच्या वाट्याला एकच दिवस. त्यांनी सांगितलं, समजूतदार मुलींचा एक छोटा गट करा, त्यांना तिच्याविषयी नीट समजावून सांगा आणि एकत्र काहीतरी करायला द्या. त्या गेल्या आणि आमच्या शाळेने त्याचं जे करायचं तेच केलं. वर्गशिक्षिकेने पहिल्या सहा नंबरांच्या मुलींना वार वाटून दिले. फळा कुणी पुसायचा, पाणी कुणी भरायचं, तसं कात्रपचीशी मैत्री कुणी करायची ते भिंतीवर चिकटलं. सोमवारची सोमवारी मैत्रीण, मंगळवारी तिला ओळखही नाही. मुली कर्तव्य म्हणून तिच्या शेजारी बसायच्या आणि घंटा झाली की हात झटकून उठायच्या. एक दिवस कात्रपचीने बुधवारीच सोमवारच्या मुलीचा हात धरला. त्या मुलीने इतक्या जोरात हात हिसकावला की कात्रपचीचं डोकं बाकाच्या कोपऱ्यावर आपटलं आणि भुवईपाशी फुटलं. मी रक्त पुसत असताना ती मुलगी मला म्हणाली, बाई, आज माझी पाळी नव्हती. त्याच आठवड्यात पहिल्या नंबरवालीची आई येऊन मोठ्या बाईंना सुनावून गेली की माझी मुलगी शिकायला येते, आयाचं काम करायला नाही. झालं, मैत्रीचं वेळापत्रक भिंतीवरून उतरलं.

मग मी माझा उपाय काढला. आपल्याकडच्या शाळांत एक जुनी रीत आहे, वर्गातल्या सगळ्यात वांड कार्ट्याला मॉनिटर करायचं. चोराच्या हाती तिजोरीची किल्ली. निम्म्या वेळा ते लागू पडतं. सहावीत तेव्हा एक मुलगी होती, तिला मी दांडगी म्हणते. एमआयडीसीच्या बाजूच्या चाळीत राहायची. बाप केमिकल कंपनीत पाळीने कामाला, आणि बापाची रात्रपाळी संपली की घरात काय चालतं ते तिच्या मानेवर, हातावर दिसायचं. घरी मिळालेलं ती शाळेत वाटून टाकायची. मुलींनाच नव्हे, आठवीच्या मुलग्यांनाही. तिचं मारणं मात्र उघड असायचं. समोर उभी राहून, सांगून, तोंडावर. मला ती आवडायची, खोटं कशाला बोलू.

तिला मैदानात बोलावून मी म्हटलं, आजपासून ही तुझी जबाबदारी. हिला कुणी हात लावला तर तू बघायचं. दांडगीने कात्रपचीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे मी मारलं तर चालेल?" मी म्हटलं, मारायचं नाही, नुसतं बघायचं. ती हसली. मीही थोडी हसले असेन.

दोनेक आठवड्यांत चिमटे बंद झाले. कसे झाले ते विचारू नका. एकीचा अंगठा दारात सापडला, एकीच्या डब्यात माती निघाली, कंपासवालीचा कंपास तिच्याच तळहातात गेला आणि तिने तो पडून लागला म्हणून सांगितलं. तक्रार करायची कुणाची छाती नव्हती. कात्रपचीच्या आईने मला फोन करून सांगितलं की दंड स्वच्छ आहेत. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

पण मधल्या सुट्टीत मी गॅलरीतून बघायची तेव्हा वेगळंच दिसायचं. कात्रपची आता घोळक्याजवळ गेली की घोळकाच उठून जायचा. तिच्याभोवती चार बाक रिकामे असायचे. तिथे एका टोकाला ती डबा खायची आणि दुसऱ्या टोकाला दांडगी पाय हलवत बसलेली, सिनेमातल्या बॉडीगार्डसारखी. दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलत नसत. मंगळवारच्या बाईंनी ते पाहिलं आणि मला हळूच म्हणाल्या, तुम्ही तिला मैत्रीण नाही दिली, कुंपण दिलंत. मला राग आला. तोंडावर मी म्हटलं, कुंपण नव्हतं तेव्हा डोकं फुटलं होतं, ते बरं होतं का? माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता.

आणि मग दांडगीचा मामा वारला आणि ती आईबरोबर गावाला गेली.

ज्यांनी इतके दिवस मुकाट मार खाल्ला होता त्यांनी तो व्याजासकट फेडला. फेडला अर्थात दांडगीला नाही. शाळेमागे पाण्याची टाकी आहे, तिच्या आडोशाला त्यांनी कात्रपचीला नेलं. मी पोचले तेव्हा ती जमिनीवर होती. एक तिच्या पायांवर बसलेली, दोघींनी हात धरलेले आणि एक तिच्या कानात शिट्टी वाजवत होती. माझीच शिट्टी, टेबलावरून उचललेली. शिट्टीचा आवाज तिला सहन होत नाही हे आम्हीच त्यांना समजावून सांगितलं होतं, त्या समजूतदार मुलींच्या गटाला. कात्रपचीने स्वतःचाच ओठ चावला होता, दात आरपार गेला होता. ती ओरडत नव्हती. आवाज संपला होता तिचा.

मी मारलं. दोघींच्या मुस्काटात मारली, पहिली शिट्टीवालीच्या. शाळेत मुलांवर हात उचलायला बंदी आहे, मला मेमो मिळाला, मी सही करून घेतला. त्याने काडीचाही फरक पडला नाही, हेही सांगते. त्या चौघींच्या आया आल्या आणि त्यातल्या एकीने मोठ्या बाईंना विचारलं, असल्या मुलीला नॉर्मल मुलांत ठेवताच कशाला? चार जणी मिळून एका पोरीच्या अंगावर बसतात त्या नॉर्मल. मी तिथून उठून गेले नसते तर दुसरा मेमोही मिळाला असता.

दांडगी परत आली. तिला कुणी सांगितलं कोण जाणे, पण पहिल्या तासाला ती शांत बसली, दुसऱ्या तासाला शांत बसली, आणि मधल्या सुट्टीची घंटा होताच उठून स्टीलचा डबा शिट्टीवालीच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडलं. आम्ही तिला ओढून काढेपर्यंत ती दुसरीच्या अंगावर बसली होती. मोठ्या बाईंनी तिच्या बापाला बोलावून सांगितलं की ही शेवटची वेळ. पुन्हा हात उचलला तर दाखला हातात देणार. म्हणजे आता दांडगीने मारलं तर ती जाणार, आणि नाही मारलं तर कात्रपचीला कुणी सोडणार नाही. आणि ती गेली तर कात्रपची या तिसऱ्या शाळेतही टिकणार नाही, हे तिच्या आईने न बोलता ओळखलं होतं. कल्याणच्या बाजूला एक विशेष शाळा आहे का, असं तिने मला त्याच आठवड्यात विचारलं.

दांडगीच्या हाताला काहीतरी काम हवं होतं. शाळा सुटल्यावर मी तिला कबड्डीच्या पोरींत घातलं. कात्रपचीची रिक्षा उशिरा यायची म्हणून ती मैदानाच्या कडेला बसलेली असायची. तिथे तिला कुणी त्रास दिला नाही, कारण माझ्या मैदानात माझा कायदा चालतो.

तिथे एक दिवस दांडगी मला म्हणाली, "बाई, हिला हात लावला की नाही चालत असं नाय. न सांगता लावला की नाय चालत." इतके दिवस ती चार बाकांपलीकडून पाय हलवत हेच बघत होती. जे आम्ही तीन शिकलेल्या बायकांनी मंगळवारी मंगळवारी बसून चर्चिलं होतं ते हिने डबा खाता खाता पाहून ठेवलं होतं. मग ती कात्रपचीसमोर उकिडवी बसली आणि फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेषेवर बोट ठेवून म्हणाली, "हे बघ. ह्याच्या आत आलीस तर मी धरणार, जोरात धरणार. बाहेर असलीस तर कोणाच्या बापाची हिंमत नाय."

कात्रपची रेषेकडे बघत राहिली. बरेच दिवस नुसतीच बघायची. मुली झोंबायच्या, पडायच्या, गुडघे सोलून घ्यायच्या आणि ही रेषेच्या बाहेर रेषेइतकीच सरळ उभी. मग एका संध्याकाळी तिने एक पाय आत टाकला. दांडगीने झडप घालून घोटा पकडला आणि तिला खाली आपटलं, कबड्डीत आपटतात तसं. कात्रपची किंचाळली, उठली, बाहेर गेली. आणि पुन्हा पाय आत टाकला. पुन्हा आपटली. कोपर रक्ताळलं. त्या संध्याकाळी रिक्षावाला हॉर्न वाजवून कंटाळला. दुसऱ्या दिवशी तिच्या आईने कोपराविषयी विचारलं तेव्हा मी घाबरतच खरं ते सांगितलं. ती म्हणाली, कोपराला मी हळद लावलीय, पण ती हात आरशात बघून हसत होती.

तेव्हापासून कात्रपची आमची रेषेवरची पंच झाली. इतर सगळ्या जणी खेळाकडे बघतात, ही फक्त रेषेकडे बघायची. पाय बाहेर गेला की हात वर करून सांगायची, "पाय बाहेर." तिच्या म्हणण्यावर आधी वाद व्हायचे, मग थांबले, कारण ती कुणाच्या बाजूने बोलत नाही हे सगळ्यांना कळलं. सातवीच्या मुली तिला येऊन विचारू लागल्या, सांग ना, माझा पाय होता का बाहेर? मी मंगळवारच्या बाईंना हे दाखवलं. त्या म्हणाल्या, छान आहे, पण मैत्री म्हणजे अजून वेगळं असतं. या बाईचं समाधान कशानेच होत नाही, असं मी मनात म्हटलं.

सहावी आणि सातवीची मॅच होती. सगळी शाळा मैदानाभोवती जमली होती आणि शेवटच्या चढाईवर सामना येऊन ठेपला होता. दांडगी चढाईला गेली, दोघींना मारून परत फिरली आणि एकीने तिला कडेला रेटलं. त्यात दांडगीचा पाय घसरला. मध्यरेषा ओलांडून ती दोन्ही हात वर करून नाचायला लागली आणि सहावीचा वर्ग मैदानात घुसला. फक्त कात्रपचीचा हात वर होता. "पाय बाहेर," ती म्हणाली. दांडगी तिच्यासमोर आली आणि म्हणाली, नव्हता. कात्रपची म्हणाली, पाय बाहेर. दांडगीने विचारलं, तू माझ्या बाजूची ना? कात्रपची म्हणाली, पाय बाहेर.

दांडगीने तिच्या थोबाडीत मारली. सगळ्या मैदानावर आवाज गेला.

मी धावले. मला वाटलं आता ही कान दाबून जमिनीवर गोळा होणार, नेहमी व्हायची तशी. पण कात्रपचीने दोन्ही हातांनी दांडगीचे केस धरले आणि तिला खाली ओढलं. दोघी फक्कीच्या रेषेवर पडल्या. पांढरी पूड, माती, रक्त, सगळं एक झालं. कात्रपची मुठीने मारत होती, नेम नव्हता, दांडगीच्या तोंडावर, खांद्यावर, मातीवर, जिथे बसेल तिथे. आणि प्रत्येक फटक्याला एकच वाक्य. "तू नव्हतीस. तू नव्हतीस. टाकीमागे तू नव्हतीस."

दांडगीने तिचं मनगट पिरगाळलं आणि रडत ओरडली, "मामा मेला होता माझा."

"सांगून नाही गेलीस."

"कोणाला सांगणार? तू बोलतेस कधी?"

आणि पुन्हा हाणाहाणी. मी दोघींच्या मध्ये हात घातला तेव्हा एक गुद्दा माझ्या गालावर बसला, कुणाचा ते अजून कळलेलं नाही. इतके महिने एकमेकींशी धड न बोललेल्या त्या दोन पोरी एकमेकींना मारता मारता बोलत होत्या आणि मी त्यांना सोडवत होते. सोडवलं, कारण एकीच्या नाकातून रक्त वाहत होतं आणि दुसरीचा नुकता भरलेला ओठ पुन्हा फाटला होता. पण मन सोडवायला तयार नव्हतं, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे जमले. दांडगीचा बाप पहिली पाळी अर्ध्यावर सोडून रिक्षाने आला होता, अंगाला कंपनीचा वास. मोठ्या बाईंनी झाला प्रकार सांगून, दाखला तयार करायला सांगितल्याचं त्याच्या कानावर घातलं. त्याचं ऐकून होण्याआधीच पायातली चप्पल हातात आली. पहिला फटका दांडगीच्या मानेवर बसला, दुसरा कानावर. ती हलली नाही, डोळेही मिटले नाहीत. तिसऱ्याला मी त्याचं मनगट पकडलं. कबड्डीतली पकड आहे, सुटत नाही. तो म्हणाला, माझी पोरगी आहे. मी म्हटलं, असू दे, चप्पल खाली टाका. टाकेपर्यंत मी सोडलं नाही. त्याच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ उठले आणि मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात कात्रपची आईबरोबर आत आली. ओठ सुजून वांग्याएवढा झालेला. सगळे तिच्या आईकडे बघायला लागले. नुकसान तिच्या मुलीचं झालं होतं, त्यामुळे शेवटचा शब्द तिचाच असणार होता. मोठ्या बाईंनी तिला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, तुम्ही काळजी करू नका, ही मुलगी आता शाळेत राहणार नाही.

आई बसली नाही. ती म्हणाली, "तिला काढू नका. माझ्या मुलीला आजवर मारलं पुष्कळ जणींनी आहे. तिच्याशी भांडलं कुणीच नव्हतं."

मोठ्या बाईंना ते कळलं नाही. त्या म्हणाल्या, अहो, त्यात फरक काय? शेवटी मारच खाल्ला ना तिने?

"मारणाऱ्या मारून निघून जातात," आई म्हणाली. "काल रात्री घरी येऊन ही जेवली नाही. का, तर तिने मला असं का म्हटलं, मी बोलत नाही असं का म्हटलं. रात्रभर तेच. मी तिला झोपवता झोपवता थकले. बाई, अकरा वर्षांत ती पहिल्यांदा कुणावर तरी रागावलीय."

मोठ्या बाई वाईट नाहीत. पण त्यांच्यापुढे मोडलेल्या नाकाच्या मुलीचे आईबाप होते, मी होते, मेमो होता, आणि शाळा चालवायची होती. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, माझा नाइलाज आहे, शब्द दिलाय मी पालकांना. दांडगीचा बाप चप्पल पायात घालून दाराकडे निघालाही. दांडगी त्याच्यामागे निघाली.

ती समोरून जाताना कात्रपचीने हात पुढे केला आणि करंगळी दाखवली. कट्टी. सहावीतल्या पोरी एकमेकींना रोज दाखवतात तशी. कात्रपचीला मी ती दाखवताना कधी पाहिलं नव्हतं. कुणाला दाखवणार होती? दांडगी थांबली. बापाने दंडाला धरून ओढलं तरी ती हलली नाही. तिने विचारलं, किती दिवस?

"सोमवारपर्यंत," कात्रपची म्हणाली.

मोठ्या बाई खुर्चीतून उठून तिच्याजवळ आल्या आणि तिला समजेल अशा हळू आवाजात म्हणाल्या, बाळा, सोमवारी ती नसेल. ती दुसऱ्या शाळेत जाणार आहे.

कात्रपचीने करंगळी खाली घेतली नाही. ती विचार करत होती. विचार करताना ती मान जराशी वाकडी करते. मग तिने मोठ्या बाईंना विचारलं, "मग मी कट्टी कोणाशी घेऊ?"

तिची आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. दांडगीच्या बापाने मुलीचा दंड सोडला, का सोडला ते त्यालाच माहीत. मोठ्या बाई टेबलापाशी परत गेल्या, पण बसल्या नाहीत. कात्रपची उत्तराची वाट बघत उभी होती, कारण तिने प्रश्न विचारला होता.

शनिवारी सकाळी मी सहावीच्या वर्गावरून गेले. दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या, एकमेकींकडे पाठ करून.